सेल्सियस, फॅरनहाइट, केल्विन: आकडा बदलताना कुठे चुकतं आणि कुठल्या क्रमाने करायचं

एप्रिल लागला की देवगडात आमच्याकडे आंब्याचा पल्प आणि जॅम सुरू होतो आणि त्याच्यासोबत फोनही सुरू होतात. मी घरगुती युनिट चालवते, आजूबाजूच्या बचत गटांतल्या बायकांना शिकवते, आणि दर सीझनला तोच गोंधळ, "ताई, पल्प ८५ ला न्या म्हणालात, इथे तर १८५ दाखवतंय, करपेल ना?" नाही करपणार, दोन्ही एकच आहे, एक सेल्सियस आणि दुसरं फॅरनहाइट. पण याच्या उलटं झालं की नुकसान होतं. एका गटाने परदेशी रेसिपीत १८५ वाचलं आणि सेल्सियसच्या थर्मामीटरवर १८५ यायची वाट बघत ढवळत बसल्या. उघड्या पातेल्यातला पातळ रस शंभराच्या फारसा वर जातच नाही, त्यामुळे १८५ कधी येणारच नव्हते, आला तो करपल्याचा वास. वीस किलो हापूस गेला.

म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. क्रम आहे तसाच ठेवा, कारण बहुतेक चुका गणितात नसतात, गणिताच्या आधीच झालेल्या असतात.

## आधी तयारी: भिंतीवर एक शिडी चिकटवा

कागद, पेन आणि दहा मिनिटं. कागदावर दोन रकाने करा, डावीकडे सेल्सियस, उजवीकडे फॅरनहाइट. पहिल्या ओळीत ० आणि ३२ लिहा. आता प्रत्येक पुढच्या ओळीत डावीकडे ५ मिळवा, उजवीकडे ९ मिळवा. म्हणजे ५ ला ४१, १० ला ५०, १५ ला ५९, असं १०० पर्यंत. १०० समोर २१२ आले तर शिडी बरोबर, नाही आले तर मध्ये कुठेतरी बेरीज चुकली, परत तपासा.

यातल्या या ओळी लाल पेनने लिहा:

० = ३२ (बर्फ वितळतो)
२० = ६८
३० = ८६
४० = १०४
६० = १४०
८५ = १८५
१०० = २१२ (पाणी उकळतं)

आणि ३५ आणि ४० च्या मध्ये बारीक अक्षरात ३७ = ९८.६ लिहून ठेवा, तापाच्या वेळी लागतं.

ही शिडी का जमते ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागत नाही. बर्फ वितळण्यापासून पाणी उकळेपर्यंत सेल्सियसमध्ये १०० पायऱ्या आहेत आणि फॅरनहाइटमध्ये १८०. शंभराला एकशे ऐंशी म्हणजेच पाचाला नऊ. शिवाय सेल्सियस बर्फापाशी शून्यावरून सुरू होतो आणि फॅरनहाइट तिथे आधीच ३२ वर असतो. आपल्याकडे घराला जोतं असतं ना, तसं समजा: फॅरनहाइटचं घर ३२ च्या जोत्यावर बांधलंय आणि त्याच्या पायऱ्याही बुटक्या आहेत. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, जोतं आणि पायरी, आणि या दोन्हींचा हिशोब वेगवेगळा ठेवायचा असतो. पुढे तिसऱ्या टप्प्यात हेच कामाला येणार आहे.

## टप्पा १: आकड्याला एकक कुठलं ते आधी ठरवा

नुसता "९०" हा आकडा काहीच सांगत नाही. थर्मामीटरच्या काचेवर किंवा स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्रजी सी किंवा एफ असतं ते बघा. डिजिटलवाल्यांना बऱ्याचदा मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, खिशात ठेवताना किंवा पुसताना ते दाबलं जातं आणि मशीन गुपचूप दुसऱ्या मापावर जातं. कामाला बसताना दर वेळी बघायचं, काल बघितलं होतं हे चालत नाही.

तापाच्या थर्मामीटरचं जास्त जपा. आपल्याकडे ताप म्हटलं की ९८, १००, १०२ हेच आकडे जुन्या माणसांच्या डोक्यात असतात. आणि कोकणात घरटी कोणीतरी दुबई-कुवेतला, तिकडून आलेलं थर्मामीटर बहुतेक सेल्सियसवर लावलेलं. आमच्या शेजारी नातवाला ताप होता, आजीने थर्मामीटर उजेडात धरून बघितलं, ३९.२. "एकोणचाळीसच आसा गो, काय होवचा नाय," असं म्हणून ती निर्धास्त झाली. ३९.२ सेल्सियस म्हणजे जवळजवळ १०२.६ फॅरनहाइट. मुलगा चांगलाच फणफणला होता, आईने हात लावला म्हणून वेळेवर कळलं. त्या घरात आता थर्मामीटरच्या डबीवरच चिठ्ठी आहे: ३७ ठीक, ३८ ताप, ३९ जास्त, ४० लगेच डॉक्टर. तुम्हीही चिकटवा.

सावध: ३८ सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट, इथून ताप धरतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्याच्या वर दिसलं तर हिशोब करत बसू नका, थेट दवाखाना.

रेसिपीत एकक लिहिलेलंच नसेल तर कप, औंस, पाउंड असली मापं आहेत का बघा, असतील तर बहुतेक फॅरनहाइट. ग्रॅम आणि लिटर असेल तर बहुतेक सेल्सियस. बहुतेक म्हणतेय, खात्री शिडीवर करायची.

## टप्पा २: थर्मामीटर खरं बोलतोय का ते बघा

हा टप्पा सगळे गाळतात. चुकीचा आकडा कितीही बरोबर सूत्रात घातला तरी उत्तर चुकीचंच.

बर्फाची तपासणी: स्टीलच्या ग्लासात बारीक फोडलेला बर्फ गच्च भरा, फटी भरतील एवढंच गार पाणी घाला, ढवळा, दोनतीन मिनिटं थांबा. मग थर्मामीटर मधोमध धरा, तळाला किंवा कडेला टेकवू नका. ० किंवा ३२ यायला हवं. बर्फ घरच्या फ्रीजचा, साध्या पाण्याचा घ्या. मासळी बाजारातून आणलेला बर्फ नको, त्याला मीठ किंवा खारं पाणी लागलेलं असतं आणि मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं. मग थर्मामीटर उणे दोन-तीन दाखवतो आणि आपण चांगल्या थर्मामीटरला खोटं ठरवतो.

उकळीची तपासणी: आपण किनाऱ्यावर राहतो हा इथे मोठा फायदा आहे. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० सेल्सियसलाच, म्हणजे २१२ फॅरनहाइटला उकळतं, हवेच्या दाबाप्रमाणे अर्ध्या अंशाचा फरक पडेल तेवढाच. पण तेच थर्मामीटर घेऊन आंबोलीला गेलात तर साधारण ९७-९८ ला उकळी दिसेल आणि महाबळेश्वरला पंच्याण्णव-शहाण्णवच्या आसपास. ते थर्मामीटर बिघडलेलं नाही, वर हवेचा दाब कमी म्हणून पाणीच लवकर उकळतं. घाटावरच्या मैत्रिणीने दिलेला जॅमचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळेच.

बर्फात १ अंश जास्त आणि उकळीतही १ अंश जास्त दाखवत असेल तर फेकू नका, दर वेळी १ वजा करा. दोन्हीकडे वेगवेगळी चूक असेल तर मात्र बदला.

सावध: तापाचं काचेचं थर्मामीटर उकळत्या पाण्यात किंवा पल्पमध्ये कधीही घालू नका. ते साधारण ४२ सेल्सियसपर्यंतच असतं, फुटतं, आणि आत पारा असेल तर तो अख्खा घाणा टाकून द्यावा लागतो.

लांबून रोखायची ती पिस्तुलासारखी मशीन असेल तर लक्षात ठेवा, ती फक्त वरचा पृष्ठभाग मोजते. चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर धरली तर भलताच कमी आकडा देते, वाफ मध्ये आली तरी चुकते. पल्पसाठी आत बुडणारी सळईच हवी.

## टप्पा ३: "किती आहे" की "कितीने" हे विचारा

सगळ्या लेखात हा टप्पा सर्वात महत्त्वाचा, इथे घाई करू नका.

अंश दोन प्रकारे येतात. "पल्प ८५ अंश आहे" हे वाचन झालं. "कालपेक्षा ५ अंशांनी वाढलं" हा फरक झाला. वाचन बदलताना जोतं पण मोजायचं आणि पायऱ्या पण. फरक बदलताना फक्त पायऱ्या, ३२ ला हात लावायचा नाही. दोन पायऱ्यांमधलं अंतर विचारलं तर जोत्याची उंची कोण मिळवतं?

माझ्या सुरुवातीच्या एका सीझनची गोष्ट सांगते. अमेरिकन पद्धतीच्या कृतीत लिहिलं होतं, जॅम पाण्याच्या उकळीपेक्षा ८ अंश फॅरनहाइट वर गेला की उतरवा. मी मोबाईलमधल्या कन्व्हर्टरमध्ये ८ फॅरनहाइट टाकलं, उत्तर आलं उणे १३.३ सेल्सियस. उकळत्या जॅमला उणे १३ काय करायचे? मला वाटलं कन्व्हर्टर बिघडलाय, आणि मी ८ हे सेल्सियसचेच धरले, १०० अधिक ८, १०८ ला उतरवला. रात्री बरण्या भरल्या, सकाळी चमचा आत जाईना. चिकट, गडद, चिवट, हापूसचा रंग आणि वास दोन्ही गेलेले.

कन्व्हर्टर बिघडला नव्हता. त्याला कसं कळणार की माझे ८ म्हणजे फरक आहे, त्याने वाचन समजून ३२ वजा केले. खरं उत्तर ८ × ५ ÷ ९ = ४.४. म्हणजे किनाऱ्यावर साधारण १०४.५ सेल्सियस, फॅरनहाइटमध्ये २२०. आजही आमचा जॅम तिथेच उतरतो. आणि बघा, "उकळीपेक्षा इतका वर" हा नियम आंबोलीलाही चालतो कारण तो फरक आहे, "१०४.५ ला" हा नियम तिथे चालणार नाही.

हीच चूक बातम्या वाचताना होते. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे किनारपट्टीवर कमाल तापमान निदान ३७ अंश असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणतात. यातले ३७ हे वाचन, फॅरनहाइटमध्ये ९८.६. आणि ४.५ हा फरक, फॅरनहाइटमध्ये ८.१. एकाच वाक्यात दोन्ही प्रकार आलेत. ४.५ चे कोणी ४०.१ केले तर समजा त्याने जोतं मिळवलं.

तपासा: वाक्यात "ने", "पेक्षा", "वाढला", "उतरला", "कमी-जास्त" असं काही आहे का? असेल तर बहुतेक फरक. ताप ९९ वरून १०२ वर गेला, तर तो ३ फॅरनहाइटने वाढला, म्हणजे १.७ सेल्सियसने.

## टप्पा ४: आता गणित

वाचनासाठी:
सेल्सियसचं फॅरनहाइट: आधी १.८ ने गुणा, मग ३२ मिळवा.
फॅरनहाइटचं सेल्सियस: आधी ३२ वजा करा, मग १.८ ने भागा.

फरकासाठी नुसता गुणाकार किंवा भागाकार.

क्रम उलटा केला की पार वाट लागते. ३७ मध्ये आधी ३२ मिळवून मग १.८ ने गुणलं तर १२४.२ येतात, ९८.६ ऐवजी. जाताना जोतं शेवटी चढायचं, परत येताना जोतं आधी उतरायचं.

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आणखी एक फसगत आहे. ९८.६ − ३२ × ५ ÷ ९ असं सलग टाईप केलंत तर उत्तर येतं ८०.८, कारण मोबाईल आधी गुणाकार-भागाकार करतो आणि वजाबाकी नंतर. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर मात्र दाबाल तसं करत जातो आणि तो ३७ च देतो. दोघी बहिणी शेजारी बसून तेच टाईप करतात आणि दोन उत्तरं येतात, मग भांडण. उपाय सोपा, ९८.६ − ३२ करून बरोबरचं बटण दाबा, ६६.६ बघा, मग पुढे जा.

तोंडी करायचं असेल तर ही पद्धत मला सगळ्यात आवडते. सेल्सियसचं फॅरनहाइट करायला दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग काढा, ३२ मिळवा. ३७ चे ७४, त्यातून ७.४ गेले ६६.६, अधिक ३२, झाले ९८.६. अंदाज नाही, अगदी अचूक. उलटं करताना ३२ वजा करा, अर्धे करा, अर्ध्याचा दहावा भाग मिळवा. १०४ मधून ३२ गेले ७२, अर्धे ३६, अधिक ३.६, झाले ३९.६. खरं उत्तर ४०, म्हणजे जवळपास, अचूक हवं तर अर्ध्याच्या दहाव्या भागाऐवजी नववा भाग मिळवा, ३६ अधिक ४, झाले ४०.

सावध: "दुप्पट करून ३० मिळवा" हा झटपट हिशोब बरेच जण सांगतात. १० अंशाला तो बरोबर येतो, पण ३७ ला १०४ देतो. बाहेर हवा किती गरम याच्यापुरतं ठीक आहे, तापासाठी अजिबात वापरू नका, चांगल्या माणसाला तापाने फणफणलेला ठरवाल.

उण्याच्या आकड्यात सगळ्यांची गडबड होते म्हणून एक करून दाखवते. मासळीचा डीप फ्रीजर उणे १८ वर. दुप्पट उणे ३६. आता दहावा भाग काढायचा म्हणजे उणे ३६ मधून उणे ३.६ काढायचे, म्हणजे उणे ३२.४ उरतात, उणे ३९.६ नाही. अधिक ३२, उणे ०.४, म्हणजे जवळजवळ शून्य फॅरनहाइट. फ्रीजरवर कोणी ० लिहिलेलं दिसलं आणि ते सेल्सियस समजलात तर सुरमई नुसती गार राहील, गोठणार नाही. उणे ४० ला दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात, सूत्र आठवतंय का हे पडताळायला ते बरं पडतं.

## टप्पा ५: उत्तर शिडीवर ठेवून बघा, मग पूर्ण करा

आलेलं उत्तर घेऊन भिंतीवरच्या शिडीपाशी जा. निर्यातीच्या आंब्याला गरम पाण्यात ४८ सेल्सियसला ६० मिनिटं ठेवायची प्रक्रिया असते, त्याचं फॅरनहाइट ११८.४ आलं. शिडीवर ४५ ला ११३ आणि ५० ला १२२, उत्तर मध्ये बसतं, ठीक. ८६.४ आलं असतं तर शिडीवर ते ३० च्या ओळीला बसतं, म्हणजे ३२ मिळवायचे राहिले.

ओव्हनचं थोडक्यात: ३५० फॅरनहाइटचे १७६.६७ येतात, म्हणून कोणी डायल १७६.६७ ला लावायला जाऊ नये, १८० ला लावा. मूळ आकडाच गोल आहे, तुमचं उत्तर त्याच्यापेक्षा बारीक असू शकत नाही. तापाला मात्र एक दशांश ठेवाच.

## टप्पा ६: केल्विन कधी लागतो

केल्विन म्हणजे सेल्सियसमध्ये २७३.१५ मिळवा, झालं. पायरी सेल्सियसएवढीच आहे, फक्त जोतं फार खोलवर आहे, जिथून खाली थंड काही असूच शकत नाही तिथे शून्य. त्यामुळे फरक बदलताना काहीच करायचं नाही, ५ सेल्सियसने वाढलं म्हणजे ५ केल्विननेच. आणि केल्विनला अंश म्हणत नाहीत, नुसतं ३०३ केल्विन. अकरावी-बारावीच्या मुलांचे वायूच्या गणितात यामुळेच मार्क जातात, सेल्सियस तसंच सूत्रात घालतात.

"काल २० होते आज ४० आहेत, दुप्पट गरम" हे चूक आहे. पट काढायचे तर केल्विनमध्ये, २९३ चे ३१३ झाले, जेमतेम सात टक्के. मुलांना हे पटत नाही तेव्हा मी गाडीच्या टायरचं सांगते. सकाळी ३० अंशाला ३० पीएसआय हवा भरली, मुंबई-गोवा हायवेवर उन्हात टायरमधली हवा ६० झाली, सेल्सियस दुप्पट झाला. दाब ६० झाला का? नाही. गेजवरच्या ३० मध्ये बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवा, ४४.७, त्याला ३३३ भागिले ३०३ ने गुणा, साधारण ४९, त्यातून १४.७ काढा, चौतीसच्या थोडं वर. चारेक पीएसआय वाढले. हवा थंड टायरला तपासा म्हणतात ते यासाठी.

एलईडी बल्बच्या खोक्यावर २७०० के, ६५०० के असतं ते प्रकाशाचा रंग सांगतं, बल्ब किती तापतो ते नाही. २७०० पिवळसर, ६५०० पांढरा निळसर. त्याचं सेल्सियस करत बसू नका.

## टप्पा ७: लिहून ठेवताना

आकडा, एकक आणि वाचन की फरक, तिन्ही लिहा. वहीत नुसतं "८५" किंवा "४.५" लिहिलेलं पुढच्या वर्षी आपल्यालाच कळत नाही. दुसऱ्याला फोनवर सांगतानाही "पंच्याऐंशी सेल्सियस" असं पूर्ण बोला आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. आमच्या मोठ्या पातेल्याच्या वरच खिळ्याला एक पत्र्याची पट्टी टांगलीय, ऑइल पेंटने लिहिलेली: "पल्प ८५ से. = १८५ फॅ. / जॅम उकळीपेक्षा ४.५ से. ने वर = ८ फॅ. ने वर". नवीन आलेली बाई कढईला हात लावायच्या आधी ती मोठ्याने वाचते, मग थर्मामीटरचा कोपरा दाखवते, सी की एफ, आणि मगच गॅस पेटतो.